ईश्वरविषयक शब्दांचा अर्थ : थॉमसवादाचे पुनरुज्जीवन आणि लक्षणाविचार

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात 'लक्षणा' हा विषय साहित्यशास्त्राचा एक भाग म्हणून शिकविला जातो. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्तींची व्याख्या, प्रत्येकीची दोन-चार उदाहरणे आणि काव्यातील त्यांचा उपयोग एवढे सांगून झाले म्हणजे विषय संपला, असे सामान्यतः मानण्यात येते. परंतु लक्षणेचा विचार केवळ काव्यासाठी उत्पन्न झालेला नाही. मीमांसकांना वेदवाक्यांचा अर्थ लावण्यासाठी आणि वेदान्त्यांना ब्रह्मविषयक वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी त्याची गरज पडली. जी वस्तू कोणत्याही शब्दाच्या वाच्यार्थात मावत नाही, तिच्याविषयी शब्द बोलू शकतात काय, आणि बोलू शकत असतील तर कोणत्या रीतीने, हा तो प्रश्न होय.

हाच प्रश्न युरोपात १३ व्या शतकात सेंट थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी विचारला होता. १९ व्या व २० व्या शतकांत कॅथलिक ईश्वरविद्येत थॉमसच्या विचाराचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याची एक शाखा पुण्यात येऊन शंकराचार्यांच्या लक्षणाविचाराला भिडली. या भेटीत भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे पुष्कळ आहे. तथापि ती आजवर बहुधा तत्त्वज्ञानाच्या किंवा धर्माच्या अभ्यासकांपुरतीच राहिली आहे. प्रस्तुत लेखात तिचा परिचय करून देण्याचा आणि तीतून मराठी परिभाषेसंबंधी निघणारे काही प्रश्न मांडण्याचा हेतू आहे.

१. थॉमसवादाचे पुनरुज्जीवन

थॉमस अ‍ॅक्वायनस (१२२५–१२७४) हे डॉमिनिकन पंथाचे साधू. 'सुम्मा थिऑलॉजिए' हा त्यांचा मुख्य ग्रंथ अपूर्ण राहिला. अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र व सत्ताशास्त्र यांचा उपयोग करून ख्रिस्ती श्रद्धेचे सुसंगत विवरण करणे हे त्यांचे कार्य होय. मध्ययुगानंतर युरोपात नवी विज्ञाने आणि नवी तत्त्वज्ञाने पुढे आली. थॉमसचा विचार पाठशाळांत राहिला. परंतु बाहेरच्या विद्वज्जगतातून तो जवळजवळ लुप्त झाला.

४ ऑगस्ट १८७९ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'एतेर्नी पात्रिस' हे परिपत्रक काढून कॅथलिक विद्यालयांत थॉमसच्या विचाराचे पुनःस्थापन करण्याचा आदेश दिला. त्यानंतर थॉमसच्या समग्र ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती निघू लागली. तिचा पहिला खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. बेल्जियममधील लूव्हँ येथे मेर्सिए यांनी १८८९ मध्ये तत्त्वज्ञानाची उच्च संस्था स्थापन केली. परंतु आदेशाने जिवंत विचार निर्माण होतोच असे नाही. पहिल्या दोन पिढ्यांत या चळवळीचे मुख्य फळ म्हणजे पाठ्यपुस्तके: प्रमेय, सिद्धी, आक्षेप, निरसन अशा ठरीव साच्यातली. १९१४ मध्ये तर थॉमसचा विचार चोवीस प्रमेयांत बांधून देण्यात आला.

खरे पुनरुज्जीवन झाले ते या साच्याशी झालेल्या झगड्यातून. एतिएन जिल्सों यांनी इतिहासकाराच्या दृष्टीने मूळ ग्रंथ वाचले आणि थॉमसच्या विचाराचे मर्म 'असणे' या क्रियेत आहे, कोणत्याही सत्त्वाच्या व्याख्येत नाही, असे प्रतिपादन केले. जोझेफ मारेशाल यांनी कांटच्या ज्ञानमीमांसेला सामोरे जाऊन, मनुष्याची बुद्धी प्रत्येक विधानात अनंताकडे झेपावत असते, असा सिद्धांत मांडला. कार्ल रानर यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात त्याच दिशेने पुढे पाऊल टाकले. फ्रान्समध्ये शनु यांनी थॉमसला त्याच्या काळात ठेवून वाचण्याचा आग्रह धरला. त्यांच्या पुस्तकावर १९४२ मध्ये रोमने बंदी घातली. आंरी द ल्युबाक यांच्या १९४६ च्या ग्रंथाने असाच वाद उसळला आणि १९५० च्या परिपत्रकात या नव्या प्रवाहाला समज देण्यात आली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) धर्मशिक्षणात थॉमसचे नाव मार्गदर्शक म्हणून कायम ठेवले; मात्र साचेबंद पाठ्यपुस्तकांचा काळ तोवर संपला होता.

२. शब्द ईश्वराला कसे लागू पडतात?

या सर्व मंडळींचे आपसांत कितीही मतभेद असले, तरी एका प्रश्नाकडे प्रत्येकाला वळावे लागले. 'देव चांगला आहे', 'देव जाणतो' अशी वाक्ये आपण बोलतो. यांतील 'चांगला' व 'जाणतो' हे शब्द आपण माणसांच्या व्यवहारात शिकलो. ते ईश्वराला लावताना त्यांचा अर्थ तोच राहतो काय?

थॉमस तीन शक्यता मांडतात. पहिली एकार्थतेची: 'मनुष्य' हा शब्द राम व गोविंद या दोघांना अगदी एकाच अर्थाने लागतो. ईश्वराच्या बाबतीत असे मानले, तर ईश्वर हा सृष्टीतील इतर वस्तूंच्या पंक्तीत बसणारा एक मोठा पदार्थ ठरतो. दुसरी भिन्नार्थतेची: 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारी सारा, यांत ध्वनीपलीकडे साम्य नाही. ईश्वरविषयक शब्द असे असतील, तर त्याच्याविषयी काही बोलणे म्हणजे केवळ आवाज करणे होय. तिसरी शक्यता या दोहोंच्या मधली. निरोगी माणूस, निरोगी हवा आणि निरोगी चेहरा अशी तीन रूपे घ्या. आरोग्य मुख्यत्वे माणसाचे. हवा त्याचे कारण म्हणून आणि चेहरा त्याचे चिन्ह म्हणून निरोगी. अर्थ तीन आहेत, परंतु ते एकमेकांपासून सुटलेले नाहीत. एका मुख्य अर्थाशी तारतम्याने जोडलेले आहेत.

या तिसऱ्या प्रकाराला मराठीत काय म्हणावे, हीच एक अडचण आहे. 'उपमा' म्हटले तर अलंकार मनात येतो. 'उपमान' हे नैयायिकांचे एक प्रमाण असून त्याचा विषय निराळा आहे. 'सादृश्य' हा शब्द भाषाशास्त्रात रूपांच्या अनुकरणासाठी रूढ झाला आहे. म्हणून या लेखापुरती 'तारतम्यार्थ' ही संज्ञा मी वापरतो. 'तारतम्य' याचा मूळ अर्थ कमीअधिकपणाची पायरी असा आहे आणि येथे तोच अभिप्रेत आहे.

परंतु निरोगी हवेचे उदाहरण येथे पुरत नाही. हवेत स्वतःचे आरोग्य नसते. ईश्वर मात्र चांगुलपणाचे केवळ कारण नसून स्वतःच चांगला आहे, असे थॉमसला म्हणावयाचे आहे. यासाठी ते शब्दाच्या दोन अंगांत भेद करतात: शब्दाने दाखविलेली वस्तू आणि ती दाखविण्याची रीत. 'देव दयाळू आहे' असे म्हटले की एक धर्मी आणि त्याला चिकटलेला एक धर्म अशी जोडी सूचित होते. 'देव दया आहे' असे म्हटले तर ती जोडी नाहीशी होते. परंतु 'दया' हे भाववाचक नाम स्वतंत्रपणे नांदणाऱ्या वस्तूचे नाव नव्हे. विशेषण नांदणे दाखविते, एकसंधपणा दाखवीत नाही. भाववाचक नाम एकसंधपणा दाखविते, नांदणे दाखवीत नाही. दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. दाखविलेली वस्तू मात्र ईश्वराच्या ठायी खरोखर, आणि मुख्यार्थाने, आहे. भाषेचे व्याकरण सान्त वस्तूंच्या मापाने घडलेले आहे. अर्थ त्या मापापलीकडे जाऊ शकतो, हा या विवेचनाचा सारांश.

३. पुण्यातील भेट

हा विचार भारतात एकदम आला नाही. ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) या बंगाली कॅथलिक विचारवंतांनी कराचीहून १८९४ मध्ये 'सोफिया' हे नियतकालिक सुरू केले आणि पुढे वेदान्त व थॉमस यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. 'निर्गुण' याचा अर्थ ब्रह्म रिकामे आहे असा नसून त्याला बाहेरून चिकटलेले गुण नाहीत असा आहे, हे त्यांचे म्हणणे होते. थॉमसही ईश्वराच्या ठायी आगंतुक गुण नाहीत असेच म्हणतात. त्यांच्या आधी, मराठी कुळातील पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांनी ख्रिस्ती झाल्यावर 'षड्दर्शनदर्पण' या १८६० च्या ग्रंथात वेदान्तातील त्रिविध सत्तेच्या सिद्धांतावर कठोर टीका केली होती. एकाने भिंत पाहिली, दुसऱ्याने दार पाहिले. १९२२ पासून कलकत्त्याच्या 'द लाइट ऑफ द ईस्ट' या मासिकात पियेर योहान्स या जेझुइट विद्वानांनी वेदान्ताच्या निरनिराळ्या संप्रदायांची थॉमसच्या दृष्टीने दीर्घ चर्चा केली.

लिओ तेरावे यांनीच १८९३ मध्ये सिंहलद्वीपातील कँडी येथे भारतीय धर्मगुरूंसाठी स्थापिलेले विद्यालय १९५५ मध्ये पुण्यास आले. तेथील डी नोबिली कॉलेजात रिचर्ड डी स्मेट (१९१६–१९९७) हे बेल्जियन जेझुइट १९५४ पासून अध्यापन करू लागले होते. लूव्हँच्या परंपरेत घडलेल्या या अध्यापकाच्या विचारावर मारेशालचा ठसा होता. शंकराचार्यांच्या ईश्वरविद्येची पद्धती हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९५३ मध्ये रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात मान्य झाला. प्रबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. चक्रमुद्रित प्रतींच्या रूपानेच तो अभ्यासकांच्या हाती फिरत राहिला. त्यांचे निवडक लेख पुढे २०१० व २०१३ मध्ये ग्रंथरूपाने निघाले.

या प्रबंधाचे पहिले प्रतिपादन असे की, शंकराचार्य हे केवळ तर्कावर विसंबणारे तत्त्वज्ञ नव्हते. ते श्रुतिवादी होते. श्रुतीचा अर्थ लावणे हे त्यांचे कार्य आणि तर्क हा त्या कार्यातला सेवक. या अर्थाने ते थॉमससारखेच ईश्वरविद्येचे आचार्य ठरतात. दुसरे प्रतिपादन आपल्या विषयाचे आहे: श्रुतीचे शब्द ब्रह्माचे ज्ञान देतात ते लक्षणेने.

लक्षणेचे तीन प्रकार आपल्या व्यवहारातल्या उदाहरणांनी पाहू. हंगामात 'सारे गाव अकोल्याला लोटले' असे म्हणतात. येथे गाव हा वाच्यार्थ सोडून गावकरी घ्यावयाचे. ही जहत् लक्षणा. 'पांढऱ्याला वैरण टाक' असे शेतकरी म्हणतो तेव्हा पांढरेपणा न सोडता त्यात बैलाची भर घालावयाची. ही अजहत् लक्षणा. तिसरी जहदजहत्. 'तोच हा देवदत्त' या शास्त्रप्रसिद्ध उदाहरणात 'तो' मधील भूतकाळ व दूरचे स्थळ आणि 'हा' मधील वर्तमानकाळ व जवळचे स्थळ सोडावयाचे. देवदत्त मात्र ठेवावयाचा. वाच्यार्थाचा एक भाग जातो, एक भाग राहतो.

तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्माला सत्य, ज्ञान आणि अनंत असे म्हटले आहे. व्यवहारात ज्ञान उत्पन्न होते, नष्ट होते, त्याला ज्ञाता लागतो व विषय लागतो. 'अनंत' हे पद शेजारी आले की ज्ञानाची ही सान्त रीत गळून पडते. परंतु शब्द निरर्थक होत नाही. त्याचा सारभूत अर्थ शिल्लक राहतो, नव्हे परमोच्च रूपाने प्रकट होतो. ब्रह्म हे या पदांनी वाच्य नाही, लक्ष्य आहे, ही आचार्यांची भूमिका. येथे थॉमसचा वस्तू व रीत यांचा भेद आणि लक्षणेतील ठेवावयाचा भाग व सोडावयाचा भाग यांचा भेद समोरासमोर येतात. आरोप, अपवाद आणि लक्षणा या वेदान्ताच्या तीन पायऱ्या थॉमसच्या विधान, निषेध आणि अतिशय या तीन मार्गांशी जुळतात, असे डी स्मेट दाखवितात.

४. आक्षेप

हे साम्य कितपत खरे? एक आक्षेप गंभीर आहे. उत्तरकालीन अद्वैत परंपरेत 'तत्त्वमसि' या महावाक्याची लक्षणा अखंड एकतेत संपते: जीव व ब्रह्म यांतील सर्व भेद सोडावयाचे. थॉमसचा तारतम्यार्थ मात्र स्रष्टा व सृष्टी यांच्यातील भेद कायम राखण्यासाठी आहे. साधन सारखे असले तरी साध्य उलट आहे, असे कोणी म्हणेल.

डी स्मेट यांचे उत्तर संबंधाच्या स्वरूपावर आधारलेले आहे. थॉमसच्या मते सृष्टीचा ईश्वराशी असलेला संबंध सृष्टीच्या बाजूने खरा आहे. ईश्वराच्या बाजूने तो केवळ आपल्या विचारातला आहे, कारण सृष्टीमुळे ईश्वरात काही भर पडत नाही. मातीवाचून घट नाही, घटावाचून माती आहे, या दृष्टान्तात शंकराचार्यांचाही असाच एकतर्फी अवलंबनाचा विचार त्यांना दिसतो. कार्य कारणाहून 'अनन्य' आहे, याचा अर्थ ते दुसरे म्हणून वेगळे उभे राहू शकत नाही असा. दोन वस्तू एकच आहेत असा नव्हे. पुण्यातच कार्य केलेल्या सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या संबंधकल्पनेवर स्वतंत्र संशोधन करून हा धागा पुढे नेला.

मराठी भाषकाला 'अनन्य' शब्दाची ही छटा परकी वाटू नये. 'अनन्य शरण' म्हणजे ज्याला दुसरा आश्रय नाही असा. शरण जाणारा व शरण्य हे एकच, असे कोणी समजत नाही. तरीही सावधगिरी आवश्यक आहे. मराठीतील भक्तिपर अर्थ संस्कृत भाष्यावर लादता येणार नाही. माझ्या मते तैत्तिरीयातील वाक्यासंबंधी डी स्मेट यांची मांडणी बळकट आहे. 'तत्त्वमसि'संबंधी ती वादग्रस्त राहते. भाषेची पद्धती एक आहे हे सिद्ध झाले, तरी सिद्धांत एक आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

५. मराठी परिभाषेचा प्रश्न

या चर्चेतील दोन शब्द मराठीत विशेष अडचण करतात. पहिला 'व्यक्ती'. ख्रिस्ती ईश्वरविद्येत त्रैक्यातील 'पर्सन' या संज्ञेसाठी तो वापरतात. परंतु 'व्यक्ती' याचा धात्वर्थ प्रकट होणे असा आहे. जो अव्यक्त त्याला 'व्यक्ती' म्हणणे हे आपल्या कानाला विसंगत लागते. पुन्हा आजच्या व्यवहारात 'व्यक्ती' म्हणजे एक सुटा, मर्यादित माणूस. यामुळेच 'निर्गुण ब्रह्म हे व्यक्तिशून्य' असे इंग्रजी वळणाचे विधान आपण सहज करून जातो. डी स्मेट यांनी अनेक लेखांतून दाखविले की, थॉमसच्या परिभाषेत या संज्ञेत मर्यादा अभिप्रेतच नाही. बुद्धिस्वरूपात स्वतः नांदणे एवढेच तिचे मर्म. त्या अर्थाने निर्गुण ब्रह्माला जड किंवा व्यक्तित्वहीन म्हणणे चूक ठरते. एका शब्दाच्या अर्थसंकोचामुळे एका परंपरेविषयी पिढ्यान् पिढ्या गैरसमज राहावा, हे भाषाशास्त्रज्ञाने नोंदविण्यासारखे आहे.

दुसरा शब्द 'सत्ता'. मराठीत त्याचा रूढ अर्थ अधिकार किंवा राज्य असा झाला आहे. 'ईश्वराची सत्ता' म्हटले की ऐकणाऱ्याला ईश्वराचे राज्य समजते. 'अस्तित्व' घ्यावे तर '-त्व' प्रत्ययाने ते एक धर्म होऊन बसते, जणू वस्तू आधी आहे आणि मग तिला अस्तित्व चिकटले. जिल्सों यांचा सारा आग्रह याच्या विरुद्ध होता: लॅटिन 'एस्से' हे क्रियापद आहे. मराठीत 'असणे' हे क्रियावाचक नाम या कामी अधिक योग्य. शिवाय 'देव आहे' आणि 'देव दयाळू आहे' या दोन वाक्यांत 'आहे' चे कार्य भिन्न आहे: पहिल्यात ते असणे सांगते, दुसऱ्यात उद्देश्य व विधेय यांना जोडते. थॉमसनेही हा भेद केला आहे. 'देव आहे' हे वाक्य खरे आहे एवढे आपण जाणू शकतो. देवाचे असणे कसे आहे ते जाणू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

देविदास दत्तात्रेय वाडेकर यांनी संपादिलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' १९७४ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात डी स्मेट यांनीही नोंदी लिहिल्या. पाश्चात्त्य परिभाषा मराठीत आणण्याच्या कामाचा पाया त्या कोशाने घातला. शब्दांच्या निवडीची चिकित्सा मात्र पुढच्या पिढ्यांनी करावयाची आहे.

६. वऱ्हाडातील सामग्री

हे काम करण्यास आपला प्रदेश अयोग्य नाही. थॉमस पॅरिस व इटलीत लिहीत होते त्याच शतकात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे केंद्र होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ परस्परांहून भिन्न मानणाऱ्या या पंथाने ईश्वरविषयक विचार संस्कृतात न ठेवता मराठीत मांडला. केशोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'ची घडण पाहावी: आधी सूत्र, मग लोकव्यवहारातील दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. लौकिक गोष्टीतील कोणता अंश परमेश्वराकडे न्यावयाचा, हे दार्ष्टान्तिकात उलगडून दाखविले जाते. तारतम्यार्थाचा असा पद्धतशीर वापर करणारा इतका जुना मराठी गद्यग्रंथ आपल्या दाराशी आहे. दुसऱ्या बाजूस, याच जिल्ह्यातील माधान येथील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी शांकर अद्वैत व मधुरा भक्ती यांचा मेळ घातला. भेद राखणारी आणि अभेद मानणारी अशा दोन्ही परंपरांनी ईश्वराविषयी मराठी कशी बोलते याची सामग्री येथे ठेवली आहे.

रिद्धपूर येथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले आहे. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील अभ्यासकांनी पुढील तीन कामे हाती घेणे शक्य आहे. महानुभाव गद्यातील ईश्वरवाचक विशेषणे व भाववाचक नामे यांची प्रयोगसूची करणे. दार्ष्टान्तिकांत दृष्टान्ताचा कोणता अंश घेतला व कोणता सोडला याचे वर्गीकरण करून लक्षणेच्या प्रकारांशी ते ताडून पाहणे. आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयात, फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'पासून आजवर, 'पर्सन' व 'एस्से' या संज्ञांसाठी कोणकोणते शब्द आले ते कालक्रमाने नोंदणे. अशा नोंदी हाती आल्यावरच पुण्यात मांडला गेलेला विचार मराठीच्या स्वतःच्या पुराव्यावर तपासता येईल. तोवर तो लॅटिन व संस्कृत यांच्यामधला संवाद म्हणूनच राहील.